चौथ्या लपणातला चहा

धुकं आत्ताच उठलंय. यॉर्कशरच्या या माळावर बूट पाणथळ मातीत रुततो आणि पचकन सुटतो. हेदरची झुडपं गुडघ्यापर्यंत, जांभळ्या फुलांनी गच्च. चालताना परागांची धूळ पँटवर बसते.

लपणं म्हणजे दगड रचून, वर गवताची ढेकळं ठेवून केलेले छातीइतक्या उंचीचे आडोसे. एका रांगेत नऊ. दोन लपणांमध्ये चाळीसेक पावलं. कुणी कुठं उभं राहायचं ते सकाळी चिठ्ठ्या काढून ठरलंय. मी चौथ्यात, पाहुण्या शिकाऱ्याच्या मागं उकिडवा बसलोय. शेजारी काडतुसं भरून देणारा म्हातारा.

मग नुसतं थांबणं. चिलटं कानात शिरतात. म्हातारा हलक्या आवाजात सांगतो, ग्राउसच्या शिकारीचा हंगाम १२ ऑगस्टला उघडतो आणि १० डिसेंबरला मिटतो. १८३१च्या कायद्यानं बांधून दिलेल्या तारखा. बारा तारीख रविवारी आली तर बार तेराला.

अर्धा तास होतो. दूर टेकाडामागं हाकारे निघालेत, पंचवीसेक. काठीला खताची रिकामी पिशवी ठोकली की झाला झेंडा. त्याची फडफड वाऱ्यावर येते, पुन्हा विरते. पाहुण्याला राहवत नाही. तो बंदूक भिंतीला टेकवतो, थर्मास उघडतो.

"साहेब, आत्ता नको," म्हातारा म्हणतो.

तेवढ्यात थवा येतो. ग्राउस, तांबूस, आपल्या तित्तिराच्या दुप्पट वजनाचा. वारा पाठीशी असला की ताशी शंभर किलोमीटरच्याही पुढं जातो. जमिनीला चिकटून, उताराच्या घडीतून, भर्रर्र! डोक्यावरून पलीकडं. पाहुण्याच्या हातात थर्मासचं झाकण, चहा कोपरापर्यंत. पाचव्या लपणातून दोन बार निघतात. एक पीस पडत नाही. म्हातारा खांदे हलवत हसतो, मग पाहुणाही. मला हसताना पोटात दुखायला लागतं, आणि थवा निसटला याचा मनापासून आनंद होतो.

पहिला भोंगा वाजतो. हाकारे टप्प्यात आलेत. आता समोर बार काढायचा नाही, फक्त मागं. त्यांच्या पुढून पक्ष्यांऐवजी अकरा मेंढ्या धावत येतात आणि लपणांच्या रांगेतून पार होतात. मागून एक पोरगा एका पायात नुसता मोजा घालून लंगडत येतोय. त्याचा बूट गाळानं ठेवून घेतलाय.

दुसरा भोंगा. बंदुका मोडून रिकाम्या होतात. आता पाहुणा शपथेवर सांगतो, मघाशी शेवटच्या बाराला एक पक्षी पडला, त्या खडकापाशी. कुत्री सोडतात. तीन लॅब्राडोर नाक खाली घालून हेदर विंचरतात. शिट्ट्या वाजतात, एकाची शिट्टी ऐकून दुसऱ्याचा कुत्रा परततो. वीस मिनिटं जातात. अखेर काळी कुत्री शेपूट हलवत येते, तोंडात काहीतरी अलगद धरून. पाहुणा हात पुढं करतो.

चिखलानं भरलेला बूट.

वरच्या खडकावर एक ग्राउस चढतो, मान ताणतो आणि ओरडतो. गो-बॅक, गो-बॅक, गो-बॅक. मोजा घातलेला पोरगा बूट उपडा करून पाणी ओततोय.