‘कळलं ना?’ ‘हो, कळलं!’

सकाळी पावणेसातला, तिसरी पाळी संपताना, मी पुढच्या पाळीच्या ऑपरेटरला म्हणालो, “भाऊ, दोन नंबरचं जरा बघून घ्या.” तो म्हणाला, “हो, बघतो.” दोन नंबरच्या मशीनचं टूल झिजत आलंय, ते बदला, असं मला म्हणायचं होतं. त्याने दोन नंबरच्या ट्रॉलीतले जॉब मोजून नीट लावून ठेवले. नऊ वाजेपर्यंत पुढची अख्खी ट्रॉली रिजेक्ट. भोकं मापापेक्षा बारीक. तो माणूस कामचुकार अजिबात नव्हता.

‘मी तर सांगितलं होतं’ असं आपण म्हणतो. पण सांगितलं म्हणजे पोहोचलं, हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी काही जणांना ओळखीची गाणी टेबलावर बोटांनी वाजवायला लावली. ऐकणाऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्मी तरी ओळखतील. १२० पैकी ओळखली गेली फक्त ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात चाल सुरू असते, समोरच्याला नुसती टकटक ऐकू येते. माझ्या डोक्यातही मशीन होतं, तोंडून फक्त ‘दोन नंबर’ निघालं.

भाषा एक असली की घोटाळा होत नाही, असंही वाटतं. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफे बेटावर दोन जंबो विमानं धावपट्टीवरच आदळली, ५८३ माणसं गेली. रेडिओवर सगळे इंग्रजीतच बोलत होते. डच विमानातून टॉवरला निरोप गेला, ‘आम्ही आता टेकऑफला आहोत.’ विमान धावू लागलं होतं. टॉवरला वाटलं, तयार होऊन उभं आहे. टॉवरने ‘ओके’ म्हटलं, आणि पुढचं ‘थांबा’ दुसऱ्या विमानाच्या संदेशात बुडालं.

त्याच डच विमानाच्या कॉकपिटमध्ये इंजिनिअरने विचारलं होतं, समोरचं विमान बाजूला झालं नाही का? कॅप्टन ठासून ‘झालं’ म्हणाले. त्याने पुन्हा विचारलं नाही. कळलं नाही तर माणूस विचारेलच, या भरवशावर मी म्हणूनच राहत नाही. साहेबांना परत काय विचारायचं, हा संकोच आपल्याकडेही घट्ट आहे.

संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, हे ट्रेनिंगमध्ये हमखास ऐकवलं जातं. हा आकडा ज्यांतून आला, ते मानसशास्त्रज्ञ मेहराबियन यांचे १९६७ मधले प्रयोग भावनांपुरते होते: शब्द एक सांगतो आणि सूर किंवा चेहरा दुसरंच, तेव्हा माणूस कशावर विश्वास ठेवतो? टूलचा नंबर चेहऱ्यावरून कळत नाही.

विमानवाहतुकीत टेनेरिफेनंतर ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष परवानगीसाठी राखून ठेवला, आणि नुसत्या ‘ओके’ऐवजी सूचना परत म्हणून दाखवण्यावर भर आला. मीही पाळी बदलताना तेच करतो. आधी “काय सांगितलं, म्हणा बरं” असं विचारायचो. लोकांना ते परीक्षेसारखं लागायचं. आता म्हणतो, “माझ्याकडून काही राहिलंय का बघू, आता काय काय करणार ते सांगा.” परवा एक पोरगा म्हणाला, “तीन नंबरचं टूल बदलणार.” मला चार म्हणायचं होतं, तोंडून तीन गेलं होतं.