खारीचं पिल्लू आणि दुधाचा चौथा नंबर

मे महिन्याचे शेवटचे दिवस आले की कर्जत-दहिवलीकडे दोन कामं जोरात सुरू होतात. घरावरची कौलं चाळायची आणि छपरांवर, तारांवर आलेल्या फांद्या उतरवायच्या. (आपली ओरल आणि सबमिशनंही त्याच सुमारास असतात, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.) फांदी खाली आली की तिच्या बेचक्यातलं खारीचं घरटंही खाली येतं. काथ्या, कापूस, सुकं गवत, कुणाच्या तरी दोरीवरून पळवलेली चिंधी, असा तो एक गोळा असतो आणि त्यात करंगळीएवढी, डोळे मिटलेली दोन-तीन पिल्लं.

पिल्लू हातात घेणारा प्रत्येक माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो, "याला दूध कुठलं पाजायचं?" माया खरी, पण या प्रश्नाचा नंबर चौथा आहे. पहिला प्रश्न, आई कुठे आहे? दुसरा, पिल्लू हाताला गरम लागतंय का? तिसरा, त्याच्या अंगात पाणी आहे का? हा क्रम उलटला तर चांगलं दूधसुद्धा पिल्लाचा जीव घेतं. गेल्या वर्षी आमच्या दहिवलीच्या घरी हे सगळं करायची वेळ आली. क्रम प्राण्यांच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितला आणि तो तसाच का, हे आपल्या हीट ट्रान्सफरच्या नोट्सनी सांगितलं. (होय, त्या नोट्स पहिल्यांदाच परीक्षेबाहेर उपयोगी पडल्या!)

तर आधी आई. आपल्याकडे एक समज पक्का आहे की माणसाचा हात लागला की आई पिल्लाला परत घेत नाही. खारीच्या बाबतीत हे खरं नाही. खार पिल्लू तोंडात धरून एका घरट्यातून दुसऱ्यात हलवते, घरटं पडलं तर पिल्लं शोधत परतही येते. तिला फक्त शांतता आणि उजेड हवा. म्हणून पडलेल्या घरट्यातलाच कापूस-काथ्या एका उघड्या टोपलीत घालायचा, पिल्लं त्यात ठेवायची, टोपली त्याच झाडाला किंवा अगदी शेजारच्या झाडाला मांजर पोचणार नाही अशी बांधायची आणि आपण लांब जायचं. लांब म्हणजे खरंच लांब. मोबाईल घेऊन झाडाखाली उभं राहिलात तर ती येणार नाही. कावळ्यांवर मात्र खिडकीतून लक्ष ठेवायचं.

आमच्याकडे तीन पिल्लं होती. दोन लगेच मिळाली, तिसरं, सगळ्यात लहान, पाल्याच्या ढिगाखाली उशिरा सापडलं आणि ते हाताला गार लागत होतं. टोपली आंब्याला बांधली. अडीच तासांनी आई आली, एक पिल्लू तोंडात धरलं आणि शेजारच्या फणसावर दिसेनाशी झाली. आम्ही सगळे खिडकीत, आजी सगळ्यांत पुढे. पण तिची दुसरी खेप व्हायच्या आत वळवाचा पाऊस कोसळला आणि अंधार पडला. खार दिवसा वावरणारा प्राणी, रात्री ती येणार नाही. दोन पिल्लं रात्रीपुरती आत घेतली. दुसऱ्या दिवशी उजाडताच पुन्हा टोपलीत, खाली कोमट पाण्याची बाटली ठेवून. अकरा वाजेपर्यंत वाट पाहिली, ती आली नाही. मग वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाईनला कळवलं. रानातला जीव हातात आला की हे करायचंच. खार हा हौसेनं पाळायचा प्राणी नाही. जवळ उपचार केंद्र असेल तर पिल्लू तिथेच द्यावं. पुण्याला बावधनला आणि नागपूरला सेमिनरी हिल्सवर अशी वन्यप्राण्यांची केंद्रं आहेत. पण पोचेपर्यंतचे तास तुमच्याच हातात असतात.

आता ऊब. सोनाराकडच्या छोट्या काट्यावर मोठं पिल्लू ११ ग्रॅम भरलं आणि धाकटं ८. आकार सारखा धरला तर दर ग्रॅममागे येणारं पृष्ठफळ वस्तुमानाच्या घनमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलतं. साठ किलोचा माणूस आणि दहा ग्रॅमचं पिल्लू यांच्या वजनाचं गुणोत्तर ६०००, त्याचं घनमूळ सुमारे १८. म्हणजे आपल्यापेक्षा दर ग्रॅममागे अठरापट कातडी उघडी, त्यावर केस नाहीत आणि आत शरीराचं तापमान सांभाळणारी यंत्रणा अजून तयार नाही. तीस अंशांच्या खोलीत आपल्याला घाम येतो आणि हे पिल्लू त्याच खोलीत गार पडत जातं. गार पडलेल्या पिल्लाचं आतडं काम करत नाही. पोटात गेलेलं दूध तिथेच राहतं, आंबतं, पोट फुगतं. गिळण्याची क्रियाही मंदावलेली असते, त्यामुळे दूध श्वासनलिकेत जायची भीती. दुधाचा नंबर मागे का, याचं उत्तर हे.

आमच्या ग्रुपमधल्या इन्स्ट्रुमेंटेशनच्या मित्राला हे कळल्यावर त्यानं लगेच सेन्सर, रिले आणि पीआयडी कंट्रोलरचं डिझाईन पाठवलं. डिझाईन उत्तम होतं, फक्त आमच्याकडे पाऊस आला की वीज जाते. शिवाय नुसता बल्ब हवा कोरडी करतो आणि पिल्लाचं पाणी आणखी उडतं. म्हणून थर्मोकोलचा खोका, झाकणाला भोकं आणि अर्ध्या लिटरची गरम पाण्याची बाटली. हिशोब असा : ०.५ किलो पाणी ५० अंशांवरून ३५ वर येताना साधारण ३१ किलोज्यूल उष्णता देतं. खोक्यातून ३ वॅट बाहेर जातात असं धरलं तर ही शिदोरी जवळजवळ तीन तास पुरते. आणि दूध पाजायचं असतं दर अडीच-तीन तासांनी! दोन्ही कामांचा गजर एकच. बाटलीला जाड फडकं गुंडाळायचं आणि ती खोक्याच्या एकाच बाजूला ठेवायची. दुसरी बाजू मुद्दाम थंड राहू द्यायची, म्हणजे पिल्लाला जास्त गरम वाटलं तर सरकायला जागा राहते. केस नसलेल्या पिल्लाला बिछान्यापाशी ३२ ते ३५ अंश लागतात, केस आले की हळूहळू कमी. फिशटँकचा स्वस्त डिजिटल थर्मामीटर यासाठी पुरतो.

तिसरं, पाणी. मानेमागची कातडी चिमटीत उचलून सोडली आणि ती उभीच राहिली, तर पिल्लू सुकलंय. मेडिकलमधली ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यातच विरघळवायची, चमचाभर पाण्यात अंदाजानं नाही. पिल्लाला लागतात थेंब, उरलेलं आमच्या घरी सगळ्यांनी प्यायलं. पिल्लू पूर्ण गरम झाल्यावर, ओआरएस कोमट करून, पहिल्या एक-दोन वेळा फक्त हेच द्यायचं.

धाकटं पिल्लू इथपर्यंत आलं आणि पुढे आलं नाही. गरम झालं, हलायला लागलं, ओआरएसचे थेंब त्यानं जिभेनं घेतलेसुद्धा. दुसऱ्या रात्री दोनच्या गजराला उठले तेव्हा ते मोठ्याच्या पोटाखाली निपचित होतं. डॉक्टर म्हणाले, ते फार वेळ गार राहिलं होतं. मी त्या रात्री वहीत त्याच्या नावापुढे (नाव म्हणजे "दोन") वेळ लिहिली आणि मोठ्याची बाटली बदलली.

आता दूध. गाईच्या दुधात स्निग्धांश साधारण ३.५ ते ४ टक्के, प्रथिनं ३ टक्क्यांच्या थोडी वर आणि दुग्धशर्करा पावणेपाच टक्क्यांच्या आसपास. खारींच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिनं याच्या दुपटीहून जास्त आणि साखर कमी. म्हणून गाईच्या दुधानं पोट भरल्यासारखं दिसतं, पण जुलाब लागतात आणि वजन वाढत नाही. त्यातल्या त्यात जवळ जाणारी गोष्ट म्हणजे कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळणारी दूधपावडर. ती कर्जतला मिळेना, मैत्रिणीनं कल्याणहून लोकलनं आणून दिली. तोवर एक रात्र डॉक्टरांच्या सांगण्यावरून शेळीचं दूध चालवलं. पावडर पहिल्या दिवशी पातळ करून आणि मग पाकिटावरच्या प्रमाणात, प्रत्येक वेळी ताजी.

आजीचं म्हणणं होतं कापसाची वात भिजवून तोंडात धरावी. "आम्ही चिमणीची पिल्लं अशीच वाढवली." वातीची अडचण ही की किती दूध गेलं ते कळत नाही आणि कापसाचे धागे तोंडात जातात. त्यापेक्षा एक मिलिलीटरची सिरिंज, सुई काढून. एका वेळचं प्रमाण वजनाच्या पाच टक्क्यांच्या आसपास. ११ ग्रॅमच्या पिल्लाला ०.५५ मिलिलीटर, म्हणजे सिरिंजवरच्या साडेपाच खुणा. बस! पिल्लू ओरडलं म्हणून जास्त द्यायचं नाही. बाळासारखं उताणं धरायचं नाही, पोटावर, डोकं किंचित वर. थेंब ओठाशी धरायचा आणि त्याच्या वेगानं चाटू द्यायचा. नाकातून बुडबुडा आला की लगेच थांबायचं, डोकं खाली करून नाक टिपायचं. दूध फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो आणि एवढ्याशा जिवाला तो झेपत नाही.

पण आजीनंच एक गोष्ट सांगितली, जी आमच्यापैकी कुणालाही सुचली नसती. पहिल्या दिवशी पिल्लू दूध पिऊन कण्हत होतं. ती म्हणाली, "अगं, मांजर पिल्लांना उगाच चाटत बसते का? शी-शू कशी व्हायची त्याला?" अगदी बरोबर. इतकी लहान पिल्लं स्वतःहून मलमूत्र सोडू शकत नाहीत, आईच्या चाटण्यानं ती क्रिया सुरू होते. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं शेपटीखाली हलकेच पुसत राहायचं, प्रत्येक दुधाच्या वेळी, डोळे उघडून ते स्वतः करायला लागेपर्यंत. डॉक्टरांना विचारलं तर ते हसले, "पुढचं मी हेच सांगणार होतो."

रोज सकाळी दुधाआधी वजन करायचं. सगळ्या काळजीचा निकाल या एका आकड्यात असतो. आमचे पहिले चार दिवस ११, ११, ११.४, १२.१ असे होते आणि त्या ०.७ ग्रॅमचा आनंद मला कुठल्याही पॉइंटरनं दिलेला नाही. मग केस आले, पाठीवर तीन पट्टे नीट दिसायला लागले. (रामानं पाठीवरून बोटं फिरवली म्हणून पट्टे, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय. उत्तरेकडच्या खारीला पाच असतात, तिथे सगळी बोटं लागली असावीत!) डोळे उघडल्यावर आठवड्याभरात पिल्लू खोक्याबाहेर आणि दादाच्या शर्टाच्या खिशात. इथे मात्र आवर घालावा लागतो. ज्या खारीला माणसाची आणि घरातल्या कुत्र्याची भीती वाटत नाही, ती बाहेर एक दिवस टिकत नाही. दूध पाजणारी व्यक्ती एकच ठेवली, खेळणं बंद केलं. दादा दोन दिवस बोलला नाही.

दात आल्यावर खाणं. शेंगदाणे आणि सूर्यफुलाच्या बिया खारीला फार आवडतात आणि नुसत्या त्याच दिल्या तर कॅल्शियमअभावी हाडं ठिसूळ होतात. उंबरं, पेरू, शेवग्याचा कोवळा पाला, भिजवलेले हरभरे आणि कुरतडायला सालीसकट काटक्या. पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, ते झिजायला हवेत. बिस्किट नाही. साधारण दहाव्या आठवड्यापर्यंत दूध सुटतं.

सोडणं हा वेगळाच कार्यक्रम. पिंजरा त्याच आंब्यावर दहा दिवस टांगून ठेवला, म्हणजे झाडाचे, इतर खारींचे, कावळ्यांचे आवाज कानावर पडत राहिले. पहिल्यांदा बोका खालून गेला तेव्हा आतून चिक्-चिक्-चिक् असा इशारा आला आणि आजीनं समाधानानं मान हलवली. ऑगस्टमध्ये पावसानं चार दिवस उघडीप दिली तेव्हा सकाळी दार उघडलं. वजन ७४ ग्रॅम. पहिल्या दिवशी ती बाहेर पडून दहा मिनिटांत परत आत आली. पुढे आठवडाभर रात्री झोपायला पिंजऱ्यात यायची, उंबर खाऊन जायची. नवव्या दिवशी उंबर तसंच राहिलं, त्याला मुंग्या लागल्या होत्या. पिंजरा अजून महिनाभर उघडा ठेवला होता.