काम नाकारण्याची मुभा असलेले यंत्र-वेळापत्रक

'''काम नाकारण्याची मुभा असलेले यंत्र-वेळापत्रक''' ही गणित व संगणकशास्त्रातील एक समस्या आहे. कोणती कामे स्वीकारावीत आणि ती कोणत्या क्रमाने करावीत, हे तीत एकत्र ठरवावे लागते.

[[रोहा]] तालुक्यातील [[धाटाव]] औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत. अशा एखाद्या कारखान्यातील एकाच रिॲक्टरसाठी तीन मागण्या आल्या, असे मानू. त्यांना अनुक्रमे ५, ३ व ३ दिवस लागतात. मुदत ५, ६ व ७ दिवसांची आहे. पहिली स्वीकारल्यास उरलेल्या दोन्हींची मुदत टळते. ती नाकारल्यास त्या दोन्ही वेळेत पूर्ण होतात.

जे. मायकेल मूर यांच्या १९६८ मधील रीतीनुसार कामे मुदतीच्या क्रमाने घेतली जातात आणि मुदत टळताच घेतलेल्यांपैकी सर्वाधिक वेळेचे काम वगळले जाते. यामुळे वेळेत होणाऱ्या कामांची संख्या महत्तम होते. मात्र प्रत्येक नकाराचे नुकसान वेगवेगळे असल्यास एकूण नुकसान लघुतम राहीलच, असे नाही.