काँक्रीटला पाणी किती लागते?

“सिमेंट घट्ट कसे होते?” हा प्रश्न आठवी-नववीच्या वर्गात विचारून पाहावा. बहुतेक मुले सांगतील, “पाणी उडून गेले की ते वाळते आणि कडक होते.” मातीच्या भिंतीचा अनुभव असल्याने हे उत्तर साहजिक आहे, पण बरोबर नाही. वाळलेल्या मातीवर पाणी पडले की तिचा पुन्हा चिखल होतो. सिमेंटचे तसे होत नाही. शिवाय सिमेंट पाण्यात बुडवून ठेवले तरी घट्ट होते, उलट अधिकच चांगले होते. तेव्हा ही वाळण्याची क्रिया नव्हे, तर सिमेंट आणि पाणी यांच्यातील रासायनिक अभिक्रिया आहे. तिला जलयोजन म्हणतात.

चुनखडी आणि चिकणमाती यांची भुकटी फिरत्या भट्टीत सुमारे १४५० अंश सेल्सिअसला भाजली की क्लिंकरचे खडे तयार होतात. त्यात थोडे जिप्सम घालून ते दळले की झाले सिमेंट. यात मुख्यतः कॅल्शियमची सिलिकेटे असतात. पाणी मिळताच त्यांच्यापासून दोन पदार्थ तयार होतात. एक म्हणजे कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट. याचे अतिसूक्ष्म कण एकमेकांत गुंतत जातात आणि वाळू-खडीला बांधून ठेवतात. दुसरा आपल्या ओळखीचा कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे चुन्याच्या निवळीतला पदार्थ.

हिशेब पाण्याचा

या अभिक्रियेत सिमेंटच्या वजनाच्या साधारण २३ टक्के पाणी रासायनिक रीत्या बांधले जाते. तयार झालेल्या पदार्थाच्या सूक्ष्म छिद्रांत आणखी काही पाणी अडकून राहते. दोन्ही मिळून गरज होते सुमारे ४० टक्क्यांची. म्हणजे ५० किलोच्या एका पोत्याला २० लिटर पाणी पुरते.

आता समजा, मिश्रणात ३० लिटर पाणी घातले. जादा १० लिटर कशाशीच संयोग पावत नाही. ते आधी जागा अडवून बसते आणि नंतर हळूहळू निघून जाते; मागे उरतात पोकळ्या. सिमेंटची घनता पाण्याच्या ३.१५ पट असते. त्यामुळे पोत्यातील कणांचे प्रत्यक्ष आकारमान केवळ १६ लिटर भरते. १६ लिटर सिमेंटमागे १० लिटर पोकळी हे प्रमाण किती मोठे आहे, ते मुलांनाही सहज पटेल. पाणी आणि सिमेंट यांचे गुणोत्तर वाढले की काँक्रीटची ताकद घटते, हा नियम अमेरिकेतील डफ एब्रॅम्स यांनी १९१८ मध्ये मांडला. तो आजही काँक्रीटशास्त्राचा पाया आहे.

मग बांधकामावर जास्त पाणी का घातले जाते? गवंड्याला कळत नाही म्हणून नव्हे. घट्ट काँक्रीट फावड्याने ओढणे कष्टाचे असते आणि दाट सळयांमध्ये ते नीट उतरत नाही. बादलीभर पाण्याने काम सोपे होते. त्यातच ओल्या वाळूतले पाणी कोणी मोजत नाही. एका पोत्यामागे १०० किलो वाळू धरली आणि तिच्यात ५ टक्के ओल असली, तर ५ लिटर पाणी न घालताच मिश्रणात आलेले असते.

सळई का गंजते?

ताकद कमी होणे हा तोट्याचा एक भाग झाला. दुसरा भाग काही वर्षांनी दिसतो. चांगल्या काँक्रीटचा पीएच १२.५ च्या वर असतो. अशा अल्कधर्मी परिसरात सळईवर ऑक्साइडचा पातळ संरक्षक थर टिकून राहतो आणि लोखंड गंजत नाही. पण पोकळ्यांच्या वाटेने हवेतील कार्बन डायऑक्साइड आत शिरतो आणि कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे कार्बोनेट बनवतो. फुंकर घातल्यावर चुन्याची निवळी दुधाळ होते, तीच ही अभिक्रिया. पीएच ९ च्या खाली आला की सळईचे कवच जाते. समुद्रकाठी हवेतील क्षारही हेच काम करतात. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असते. त्यामुळे काँक्रीट आतून फुटते आणि छताचे पोपडे खाली पडतात. ज्या वर्गाच्या छताला सळयांच्या रेषेत तडे आणि तांबूस डाग दिसतात, तेथे मुलांना बसवण्यापूर्वी अभियंत्याकडून तपासणी करून घ्यावी.

हा बदल शाळेतही दाखवता येतो. काँक्रीटच्या जुन्या तुकड्याचा ताजा तोडलेला पृष्ठभाग घ्यावा आणि त्यावर फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब टाकावेत. गुलाबी होणारा भाग अजून अल्कधर्मी आहे. बाहेरचा रंगहीन पट्टा म्हणजे कार्बन डायऑक्साइड पोचला तेथपर्यंतची खोली. दुसरा प्रयोग असा: दोन पेल्यांत १०० ग्रॅम सिमेंट घेऊन एकात ४० आणि दुसऱ्यात ७० मिलिलिटर पाणी कालवावे. घट्ट झाल्यावर आठवडाभर पाण्यात ठेवून खिळ्याने ओरखडून पाहावे. सिमेंट त्वचेला दाहक असते, म्हणून हातमोजे घालावेत.

ओतल्यानंतर मात्र सढळ हाताने

काँक्रीट कालवताना पाणी मोजून घालायचे, पण ओतल्यानंतर त्यात हात आखडायचा नाही. जलयोजन आठवडे, महिने चालू असते. काँक्रीटमधील आर्द्रता ८० टक्क्यांच्या खाली गेली की ते जवळजवळ थांबते. म्हणून स्लॅबवर आळी करून पाणी साठवतात, खांबांना ओले गोणपाट गुंडाळतात. भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीनुसार साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि मिश्र सिमेंटला किमान १० दिवस पाणी मारावे; उष्ण व कोरड्या हवेत साध्याला १० आणि मिश्र सिमेंटला १४ दिवस. सळईयुक्त काँक्रीटसाठी पोत्यामागे पाण्याची कमाल मर्यादाही त्यात आहे: सौम्य हवामानात २७.५ लिटर, समुद्रकाठच्या उघड्या बांधकामात २२.५ लिटर. ही मर्यादा वाळूतील ओल धरून आहे. प्रयोगशाळेत आम्ही १५ सेंटिमीटर बाजूचे ठोकळे २८ दिवस पाण्यात ठेवून मगच दाबून फोडतो. एम २० प्रतीच्या ठोकळ्याने सुमारे ४५ टन भार सोसावा, अशी अपेक्षा असते.

नवे काय?

कमी पाण्यात प्रवाही काँक्रीट मिळावे, यासाठी सुपरप्लॅस्टिसायझर ही रसायने आली. पाण्यात सिमेंटचे कण गोळा होऊन बसतात आणि त्या गोळ्यांत पाणी अडकते. या रसायनाचे रेणू कणांना चिकटून त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतात आणि अडकलेले पाणी मोकळे होते. याच्याच बळावर १९८८ मध्ये जपानमध्ये हाजिमे ओकामुरा यांनी स्वतःच्या वजनाने सळयांत उतरणारे, कंपन न देता दाटून बसणारे काँक्रीट तयार केले.

दुसरी दिशा क्लिंकर कमी करण्याची. १०० ग्रॅम चुनखडी भाजली की ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, इंधनाचा वेगळाच. मानवनिर्मित कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ७ ते ८ टक्के सिमेंटमुळे येतो. पीपीसी लिहिलेल्या पोत्यात ३५ टक्क्यांपर्यंत औष्णिक वीजकेंद्रातील राख असू शकते. ही राख कॅल्शियम हायड्रॉक्साइडशी संयोग पावून बंधक पदार्थ तयार करते आणि पोकळ्या बुजवते. सुमारे ७०० ते ८५० अंशांना भाजलेली चिकणमाती आणि न भाजलेली चुनखडी वापरून क्लिंकर निम्म्यावर आणणाऱ्या सिमेंटवर स्वित्झर्लंड, क्युबा आणि भारत येथे संशोधन झाले. २०२३ मध्ये त्यासाठी भारतीय मानकही आले.

मात्र राखेची अभिक्रिया संथ असते, म्हणून तेथे पाणी मारण्याचे दिवस वाढतात. रसायन आणि सिमेंट कितीही सुधारले, तरी एब्रॅम्सचा नियम टळत नाही. शाळेच्या आवारात बांधकाम निघाले, तर मुलांना नोंदवही घेऊन तेथे न्यावे. एका पोत्यामागे किती लिटर पाणी पडले आणि नंतर किती दिवस पाणी मारले, या दोन नोंदींवरून त्या इमारतीच्या आयुष्याबद्दल बरेच काही सांगता येते.