क्ष-किरणांत प्रखर, दुर्बिणीत अंधूक: गैरसमज आणि वस्तुस्थिती

काही दीर्घिकांमध्ये, केंद्रापासून बाजूला, क्ष-किरणांत विलक्षण प्रखर असे बिंदू आढळतात. सूर्य सर्व प्रकारच्या प्रारणांत मिळून जेवढी ऊर्जा टाकतो, तिच्या अडीच लाखपटीहून अधिक ऊर्जा हे बिंदू नुसत्या क्ष-किरणांत टाकतात. त्यांना अतितेजस्वी क्ष-किरण स्रोत म्हणतात. एप्रिलच्या रात्री अचलपुरातून उत्तरेला, चिखलदऱ्याच्या डोंगरावर सप्तर्षी चढलेले दिसतात. त्याच तारकासमूहातील एम 82 ही दीर्घिका लहान दुर्बिणीतूनही पांढुरक्या रेघेसारखी दिसते, आणि असे दोन स्रोत तिच्यात आहेत.

एवढा प्रखर स्रोत दुर्बिणीत ठळक दिसेल, हा पहिला गैरसमज. अशा स्रोतात एक अतिघन वस्तू (कृष्णविवर किंवा न्यूट्रॉन तारा) असते; तिने जोडीदार ताऱ्याकडून ओढलेला वायू तबकडीसारखा फिरत आत पडतो, लाखो अंश तापतो आणि आपली बहुतेक ऊर्जा क्ष-किरणांतच ओततो. दृश्य प्रकाशाच्या वाट्याला फार थोडे उरते. बाविसाव्या प्रतीचा तारा नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या ताऱ्याहून पंचवीस लाखपट अंधूक असतो. या स्रोतांचे दृश्य जोड, म्हणजे त्यांच्याच जागी दृश्य प्रकाशात दिसणारे बिंदू, बहुधा तेवढेच किंवा त्याहूनही अंधूक भरतात. एम 82 मध्ये तर दाट धूळ आड येते.

जागेवर तारा दिसला की ओळख पटली, असेही मानले जाते. खरी अडचण इथेच आहे. 1999 मध्ये सोडलेली चंद्रा ही क्ष-किरण वेधशाळा (तिचे नाव सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्यावरून) स्रोताची जागा साधारण एका विकलेच्या आत सांगते. अमरावतीत उभी धरलेली वीतभर काठी अचलपुरातून जेवढ्या कोनात मावेल, तेवढी ही एक विकला. पण एम 82 च्या अंतरावर, म्हणजे सुमारे 1.2 कोटी प्रकाशवर्षांवर, त्या कोनात 58 प्रकाशवर्षांची रुंदी बसते आणि तेवढ्यात अनेक तारे असू शकतात. म्हणून आधी चंद्रा आणि दृश्य प्रकाश टिपणारी हबल अवकाश दुर्बीण या दोन्हींच्या चित्रांत दिसणारे सामाईक बिंदू शोधतात, त्यांच्या आधारे चित्रे एकमेकांवर नेमकी बसवतात आणि मगच उमेदवार निवडतात. भारताची अ‍ॅस्ट्रोसॅट वेधशाळा (28 सप्टेंबर 2015 ला सोडलेली) स्रोताचे चढउतार आणि वर्णपट टिपण्यात तरबेज आहे. तिच्यावरील, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडलेली क्ष-किरण दुर्बीण इतकी बारीक जागा मात्र दाखवू शकत नाही.

सापडलेला बिंदू त्याच दीर्घिकेतला असतो, हेही गृहीत धरता येत नाही. कित्येक उमेदवार अब्जावधी प्रकाशवर्षे मागचे क्वेसार, म्हणजे दूरच्या दीर्घिकांची प्रखर केंद्रे, निघाले आहेत. वर्णपटातील ताम्रसृती (रेषांचे तांबड्या बाजूला सरकणे) मोजली की हे उघड होते. क्ष-किरण आणि दृश्य तेज यांचे गुणोत्तरही उपयोगी पडते: क्वेसारमध्ये दोन्ही साधारण सारख्या तोलाची, तर या स्रोतांत क्ष-किरण शेकडोपट वरचढ. पुण्याची आयुका ही खगोल संशोधन संस्था आणि कालिकत विद्यापीठ यांच्या संशोधकांनी लंबवर्तुळी दीर्घिकांतील अशा स्रोतांचे दृश्य जोड तपासून 2011 मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला.

दिसणारा प्रकाश जोडीदार ताऱ्याचाच, हेही सरसकट खरे नाही. क्ष-किरणांनी तापलेली तबकडी किंवा तिच्यावरून उसळणारा वायूही तो देतो.

सर्वांत चिवट समजूत अशी की हे स्रोत म्हणजे शेकडो-हजारो सूर्यांच्या वजनाची कृष्णविवरे. एनजीसी 7793 मधील पी 13 या स्रोताने तिला चांगलाच हादरा दिला. त्याचा दृश्य जोड एक निळसर महातारा निघाला. त्याचे तेज सुमारे 64 दिवसांच्या आवर्तनाने बदलते. त्यावरून 2014 मध्ये ठरले की आतली वस्तू 15 सूर्यांहून हलकी आहे. पुढे 2016 मध्ये तिचे 0.42 सेकंदांचे स्पंद सापडले. कृष्णविवर असे स्पंद देत नाही. म्हणजे तो न्यूट्रॉन तारा. एम 82 मधील दोहोंपैकी एक स्रोतही 1.37 सेकंदांनी स्पंदतो, हे 2014 मध्येच कळले होते.

चंद्रा आणि हबल यांच्या निरीक्षणांचे संग्रह विनामूल्य खुले आहेत. इंटरनेट असलेल्या संगणकावर, अचलपुरातही, ही चित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात.