रनर आपला, तर झाडलोटही आपलीच

आज गिटहब अ‍ॅक्शन्सच्या सेल्फ-होस्टेड रनरबद्दल बोलू.

तुम्ही कोड पुश केला की तो बिल्ड करणारा, टेस्ट चालवणारा प्रोग्राम म्हणजे रनर. गिटहबचा रनर घेतला तर प्रत्येक जॉबला नवीकोरी व्हर्च्युअल मशीन मिळते, काम झालं की ती मोडीत. सेल्फ-होस्टेड म्हणजे मशीन तुमची. कोपऱ्यातला जुना पीसी असो नाहीतर भाड्याचा सर्व्हर. फ्री प्लॅनवर प्रायव्हेट रेपोला महिन्याला २००० मिनिटं मिळतात, ती संपायला लागली की लोक इकडे वळतात. कोणाला जीपीयू हवा असतो, कोणाला ऑफिसच्या आतला डेटाबेस.

बऱ्याच जणांना वाटतं की यासाठी फायरवॉल उघडावी लागते. अजिबात नाही. रनर स्वतःच ४४३ पोर्टवरून बाहेर जातो आणि 'काम आहे का काम?' असं विचारत बसतो. बाहेरून आत कोणी येत नाही.

पण कोड येतो ना! खरी मेख इथेच आहे. रेपो पब्लिक असेल तर कोणीही फोर्क करून, वर्कफ्लोची फाइल बदलून पुल रिक्वेस्ट टाकू शकतो. ती चालली तर अनोळखी माणसाची स्क्रिप्ट थेट तुमच्या नेटवर्कमध्ये पळते. तुम्ही म्हणाल, नवख्याला अप्रूव्हल लागतं की. लागतं, पण २०२३ मध्ये दोन सुरक्षा संशोधकांनी पायटॉर्चच्या बाबतीत काय केलं बघा. आधी एक किरकोळ स्पेलिंगची चूक दुरुस्त करून दिली. ती मर्ज झाली, म्हणजे झाले ते ओळखीचे! पुढच्या पुल रिक्वेस्टला कोणी अडवलंच नाही. नशीब, त्यांनी हे मेटाला रीतसर कळवलं. म्हणून पब्लिक रेपोला सेल्फ-होस्टेड रनर जोडू नका, असं मी सरळ सांगते. गिटहबचंही म्हणणं तेच आहे.

प्रायव्हेट रेपोत त्रास वेगळा. मशीन तीच राहते, त्यामुळे कालच्या जॉबचा कचरा आजच्या जॉबला भेटतो. जुन्या फाइल, उघडी राहिलेली प्रोसेस, डॉकर इमेजेसचा ढीग. मग 'माझ्याकडे पास होतंय, सीआयवर फेल' हे पुराण सुरू. यावर उपाय म्हणजे रनर एफेमेरल म्हणून रजिस्टर करणे: एक जॉब झाला की त्याची नोंदणीच रद्द. मात्र मशीन पुसून नवी उभी करणं तुमच्याच गळ्यात. कुबरनेटिस आधीच असेल तर अ‍ॅक्शन्स रनर कंट्रोलर हे काम करतो. नसेल तर निव्वळ यासाठी कुबरनेटिस उभं करणं म्हणजे चहासाठी म्हैस पाळणं!

निदान एवढं तरी करा. रनर रूट म्हणून चालवू नका, सर्व्हिस म्हणून बसवा आणि डिस्क ८० टक्के भरली की अलर्ट येऊ द्या. आणि हो, रनर १४ दिवस गिटहबशी बोलला नाही तर तो यादीतून आपोआप गळतो. दिवाळीची मोठी सुट्टी असेल तर आल्यावर आधी ती यादी बघा.