क्रिकेटचे थेट प्रक्षेपण : डीटीएच ते स्ट्रीमिंग (पिंपरी-चिंचवड व चाकण)

उपग्रहावरून थेट घरात येणाऱ्या दूरचित्रवाणीची (डीटीएच) जागा इंटरनेटवरील थेट प्रक्षेपणाने, म्हणजेच स्ट्रीमिंगने, घेण्याची प्रक्रिया भारतात मुख्यतः क्रिकेटमुळे वेगवान झाली. पिंपरी-चिंचवड शहर आणि चाकण औद्योगिक पट्ट्यात या बदलाला उंच इमारती, भाड्याच्या खोल्या आणि कारखान्यांतील पाळ्या यांचा स्थानिक संदर्भ आहे. महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे गहुंजे येथील मैदान या शहरालगतच मावळ तालुक्यात आहे.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलने २६ ऑगस्ट २००२ रोजी पहिला सामना इंटरनेटवर थेट दाखवला. भारतात २०१० मधील आयपीएलचे सामने यूट्यूबवर दिसले. २०१५ मध्ये हॉटस्टार आले आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यावर मोबाइल डेटा स्वस्त झाला. जून २०२२ मधील लिलावात आयपीएलचे २०२३ ते २०२७ या काळाचे भारतीय उपखंडातील दूरचित्रवाणी हक्क २३,५७५ कोटी रुपयांना डिस्ने स्टारकडे, तर मुख्य डिजिटल हक्क २०,५०० कोटींना व्हायाकॉम१८ कडे गेले. २०२३ चा हंगाम जिओसिनेमावर विनामूल्य दाखवला गेला. अमेरिकेत स्थानिक संघाचे सामने लीगच्या स्ट्रीमिंग सेवेवर त्याच भागातील ग्राहकांना बहुधा दिसत नाहीत. भारतात असे बंधन नाही. गहुंजेतील सामना गहुंजेतही फोनवर पाहता येतो.

छत्री आणि फोन

डीटीएचचे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. त्यामुळे या भागात छत्रीचे (डिश अँटेनाचे) तोंड दक्षिण ते आग्नेय दिशेला ठेवावे लागते. त्या बाजूला सज्जा नसलेल्या सदनिकेला गच्चीपर्यंत तार न्यावी लागते. वळवाच्या जोरदार पावसात संकेत तुटतो, आणि आयपीएलचे अखेरचे सामने नेमके त्याच दिवसांत येतात. महाळुंगे, खराबवाडी, कुरुळी परिसरातील भाड्याची खोली बदलली की छत्रीही उतरवावी लागते. दुसऱ्या पाळीच्या कामगाराला संध्याकाळचा सामना घरच्या संचावर गाठताच येत नाही. फोनवर निदान शेवटची षटके मिळतात.

मात्र सेकंदाला २ मेगाबिट या वेगाने साडेतीन तासांच्या सामन्याला सुमारे ३ जीबी डेटा लागतो. दिवसाला दीड-दोन जीबीच्या रिचार्जमध्ये तो बसत नाही.

विलंब

उपग्रहापर्यंत जाऊन परतायला संकेताला सुमारे पाव सेकंद लागतो. स्ट्रीमिंगमध्ये चित्राचे काही सेकंदांचे तुकडे करून ते आधी साठवले जातात, म्हणून प्रक्षेपण छत्रीपेक्षा बरेच सेकंद मागे राहू शकते. एकाच इमारतीत दोन्ही साधने असली, की शेजारच्या जल्लोषावरून षटकार आधीच कळतो. प्रेक्षकांची ही तक्रार क्षुल्लक नाही; अखेरच्या षटकाची सारी उत्कंठा त्यातच जाते.

खर्च आणि कायदा

२००७ च्या क्रीडा प्रसारण कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे संकेत प्रसार भारतीला द्यावे लागतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ मधील निर्णयानंतर ते दूरदर्शनच्या भूप्रक्षेपणावर आणि डीडी फ्री डिशवरच दाखवता येतात. खाजगी केबल व डीटीएचवरील दूरदर्शन वाहिनीवर नाही. आयपीएल या सामन्यांच्या यादीत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन्ही सेवा एकत्र येऊन जिओहॉटस्टार झाले, आणि त्या वर्षीपासून आयपीएलचे पूर्ण सामने पाहण्यासाठी वर्गणी किंवा ठरावीक रिचार्ज लागू लागला. फ्री डिशच्या छत्रीला मासिक वर्गणी नसते.